अँटेनाची शेंडी

माझ्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवणारा माणूस बहुतेक एकच प्रश्न विचारतो. "सगळ्यात पॉवरफुल कोणता?" त्याच्या आधी आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे "सर नाहीयेत का?" चिखलीत लेथचं वर्कशॉप आणि पावडर कोटिंगवाला यांच्या मधल्या गाळ्यावर 'ड्रोनचे सुटे भाग व दुरुस्ती' अशी पाटी, आणि आत साडी नेसून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून सोल्डरिंग करत बसलेली पन्नाशी उलटलेली बाई. माणूस गोंधळणारच. मी सांगते, "आमच्या घरचे सर पिंपळे गुरवला आहेत, रिटायर झालेत, या वेळी पालेभाजी निवडत असतील. तुमचं काम काय ते मला सांगा."

मग तो पॉवरफुलचा प्रश्न येतो आणि मी उलट विचारते, "उडवणार कुठे?"

बाहेरच्या माणसासाठी थोडं उलगडून सांगते. लग्नात डोक्यावर घोंघावणारा ड्रोन सगळ्यांनी पाहिलाय. तो खाली उभं राहून, मोबाइलवर बघत उडवतात. माझ्याकडे येणारी मंडळी वेगळी. ही माणसं डोळ्यांवर बंद गॉगल चढवतात. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा असतो आणि त्याला जे दिसतं तेच यांना गॉगलमध्ये दिसतं, म्हणजे माणूस खुर्चीत बसलेला आणि जीव ड्रोनमध्ये. ते चित्र हवेतून गॉगलपर्यंत पाठवणारी जी सर्किटची पाटी असते, तिला व्हिडिओ ट्रान्समीटर म्हणतात. आम्ही नुसतं व्हीटीएक्स म्हणतो. पोस्टाच्या तिकिटाएवढी वस्तू. पण ती गेली की उडवणारा आंधळा होतो आणि ड्रोन अजून हवेत असतो. त्यामुळे मोटर, बॅटरी, पंखे यांच्यावर लोक कितीही घासाघीस करोत, या तिकिटाच्या बाबतीत मी कुणाला मनमानी करू देत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही असं नाही. भोसरीतल्या एका कंपनीत टीव्हीचे ट्यूनर बनायचे, त्या लाइनवर माझी उमेदीची वर्षं गेली. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, त्या मुंग्यांशी माझं लग्नाआधीपासूनचं वैर. आमच्या लाइनवरच्या बायका नुसत्या नजरेने सांगायच्या, हा सांधा पक्का, हा कच्चा. मशीन नंतर तेच सांगायचं. मग टीव्ही बदलले, ट्यूनर एका चिपएवढे झाले आणि लाइन बंद पडली. त्या बायकांपैकी कुणी पोळीभाजी केंद्रात गेल्या, कुणी नातवंडं सांभाळतात. असले डोळे आणि असले हात वाटेवर सांडून गेले याचं मला आजही वाईट वाटतं. माझ्या हातांना काम मिळालं हे माझं नशीब, आणि थोडा हट्ट.

तर, पॉवरफुल.

देहूकडचा सचिन लग्नांची शूटिंग करतो. चांगला पोरगा, पण ऐकून घेण्याची सवय कमी. पंख्यांभोवती गार्ड असलेला छोटा ड्रोन त्याने बनवून घेतला. कल्पना अशी की वरमाला पडताक्षणी ड्रोन मंडपाच्या कमानीतून शिरणार, फुलांच्या माळांमधून जाणार आणि नवरानवरीसमोरून निघून जाणार. मी त्याला म्हटलं, "मंडप म्हणजे पन्नास पावलांचा मामला, तुला छोटा व्हीटीएक्स पुरे." तो म्हणाला, "काकू, रिस्क नको. मोठाच द्या." मी त्याला समजावलं, की मोठ्या पॉवरचा व्हीटीएक्स तापतो. तो उडत असताना स्वतःच्याच वाऱ्याने थंड राहतो, जमिनीवर चालू ठेवला तर नाही. त्याने मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यांत फरक असतो, हे दुकान टाकल्यापासून मला कळलंय.

लग्नाच्या दिवशी शेवटचं मंगलाष्टक सुरू झालंय असं समजून सचिनने बॅटरी जोडली आणि ड्रोन टेबलावर तयार ठेवला. पण आपल्याकडे शेवटचं मंगलाष्टक शेवटचं नसतं. मुलीच्या आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती आणि त्यांत दोन्ही घराण्यांतल्या प्रत्येकाचं नाव गुंफलेलं होतं. आत्याबाई थांबल्या तशा मुलाच्या मामांना चेव आला. भटजी घड्याळाकडे बघतायत, लोकांच्या मुठीत अक्षता ओल्या झाल्यायत आणि टेबलावर व्हीटीएक्स तापतोय. 'शुभमंगल सावधान' झालं, वाजंत्री वाजली आणि सचिनच्या गॉगलमध्ये काळाकुट्ट अंधार. पाटीने जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतलं होतं. ड्रोन टेबलावरून हललाच नाही, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून आला. "काकू, पाटी खराब दिली तुम्ही."

"पाटी शहाणी आहे," मी म्हटलं. "मंगलाष्टकं संपेपर्यंत ती नाही थांबली, मी पण नसते थांबले."

त्याला मी छोटा व्हीटीएक्स बसवून दिला आणि रिमोटच्या एका बटणावर पॉवर कमी-जास्त करण्याची सोय करून दिली. जमिनीवर असेपर्यंत कमीत कमी, उडताना हवी तेवढी. आता तो प्रत्येक लग्नात आधी विचारून घेतो, आत्या किती आहेत.

पॉवरचा हव्यास दुसऱ्यांनाही कसा नडतो, याचा एक किस्सा आमच्या उडवणाऱ्या पोरांमध्ये अजून सांगतात. परवानगी असलेल्या मोकळ्या माळावर ती सुट्टीच्या सकाळी जमतात. तिथला एक रिवाज आहे. बॅटरी जोडण्याआधी आपला चॅनेल मोठ्याने ओरडून सांगायचा आणि बाकीच्यांनी "जोड!" म्हटल्याशिवाय जोडायची नाही. कारण दोघांचा चॅनेल एक झाला तर जवळचा आणि दांडगा व्हीटीएक्स दुसऱ्याचं चित्र खाऊन टाकतो. एका नव्या भिडूने न विचारता टेबलावर बॅटरी जोडली. त्याच वेळी ज्याचा ड्रोन उंच हवेत होता, त्याला आकाशाच्या जागी एकदम वडापाव दिसला. नव्या भिडूच्या ड्रोनसमोर ठेवलेला. "अरे, कुणाचा वडापाव आहे राव!" असं ओरडेपर्यंत त्याचा ड्रोन बाभळीत. नंतर दोघे मिळून तो बाभळीतून काढत होते आणि मी त्या दोघांना मिळून झापत होते.

आता ज्या कामाचा मला खरा अभिमान आहे, ते सांगते.

बालाजी उदगीरकडचा. चाकणच्या भागात शेडची कामं करणाऱ्या एका ठेकेदाराकडे फिटर. पहिल्यांदा आला तेव्हा दुकानात कुणी नाही हे पाहून मग बोलला. त्याचा धाकटा भाऊ गोविंद त्याच ठेक्यावर होता. कारखान्यांच्या छतावर सिमेंटच्या पत्र्यांमध्ये मधे मधे उजेडासाठी पारदर्शक पत्रे टाकलेले असतात. दोन-चार वर्षांत धूळ आणि काजळी बसून ते बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसायला लागतात. गळती शोधायला वर गेलेल्या गोविंदचा पाय अशाच एका पत्र्यावर पडला. कमरेला सेफ्टी बेल्ट होता, पण तो अडकवायला वर काही असावं लागतं. खाली पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती म्हणून जीव वाचला. आता तो एका गेटवर खुर्चीत बसून गाड्यांची नोंद करतो, तेवढंच करू शकतो.

"ताई," बालाजी म्हणाला, "गळती शोधायला माणूस वर कामून पाठवायचा? खालून, शेडच्या आतून, छताला लागून ड्रोन फिरवला तर? मला उडवाय येतंय, शिकलोय मी. पण शेड लई मोठं आहे. सगळ्यात पॉवरवाला व्हीटीएक्स द्या."

एका मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्सच्या साहेबांशी त्याने बोलून ठेवलं होतं. जोशी साहेब. त्यांनी एक गुरुवार दिला होता. आमच्या पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा वार, शेड रिकामं असतं. ड्रोनने गळती सापडली तर पुढे सगळ्या शेडची पाहणी तशीच होणार. नाही सापडली तर त्याच दुपारी माणसं वर चढणार, नेहमीसारखी.

मी त्याला पॉवरवाला दिला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये चित्राचे तरंग भिंतीला आपटतात, छताला आपटतात, क्रेनला आपटतात आणि परत येऊन एकमेकांत मिसळतात. देवळाच्या गाभाऱ्यात कुणी ओरडून बोललं तर एक शब्द कळत नाही, हळू बोललं तर सगळं कळतं, तसं आहे ते. त्याला मी मध्यम पॉवरचा, वजनाला हलका, अंगावर उष्णता उतरवणारी पत्र्याची टोपी असलेला व्हीटीएक्स निवडून दिला. चार भोकं त्याच्या फ्रेमवर बरोबर बसतील असा, त्याच्या बॅटरीचा विजेचा दाब सरळ पेलेल असा. अँटेना पिळाची दिली, म्हणजे तरंगांना स्क्रूसारखा पीळ देणारी; आपटल्यावर तो पीळ उलटा होतो आणि परत आलेल्या तरंगांना गॉगल फारशी दाद देत नाही. पण ड्रोनवरची आणि गॉगलवरची, दोन्ही एकाच पिळाच्या हव्यात. फिटरला हे समजावणं सोपं. "उजव्या आट्याच्या बोल्टला डाव्या आट्याचा नट बसेल का?" एवढंच विचारलं.

डिजिटल का नको, हेही त्याने विचारलं. डिजिटल चित्र सुरेख असतं, पण सिग्नल जाताना एकदम गोठतं. साध्या चित्रात आधी मुंग्या येतात. मुंग्या म्हणजे इशारा, मागे फिर म्हणणारा. बारीक तडे बघायला कॅमेऱ्यातल्या कार्डावर स्वच्छ चित्र उतरतंच. उडवणाऱ्याला मात्र इशारा हवा. ज्या मुंग्यांशी मी एवढी वर्षं भांडले त्यांची बाजू घेताना मलाच हसू आलं.

जुळणी त्याने स्वतःच्या हाताने केली. मी सांधे तपासून दिले आणि माझ्या मते काम संपलं. पण गुरुवारच्या आदल्या दिवशी तो पुन्हा दारात. "ताई, तुमी पण चला की. तितं काही झालं तर मी कुणाला विचारू?" दुसऱ्या दिवशी मी गाळ्याचं शटर बंदच ठेवून गेले. भाजी निवडणारे सर म्हणाले, डबा मी करतो.

शेडमध्ये मशीन बंद, सगळीकडे शांत. जोशी साहेब सरळ माणूस. मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, मला पण माणसं वर पाठवायला आवडत नाही. पण गळती खाली कंट्रोल पॅनेलवर येतेय, हे आज निस्तरायलाच लागेल. दुपारच्या जेवणापर्यंत बघू, नाहीतर बबनमामा वर जातील."

बबनमामा तिथेच होते. खेडकडचे, साठीला टेकलेले, सडपातळ. कमरेला बेल्ट आवळलेला, खांद्यावर दोर, शिडीला टेकून तंबाखू मळत उभे. त्यांनी ड्रोनकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढंसं पाखरू काय सांगनार हाय? बरं, उडवा. मी हाय तयार."

टूल बॉक्सवर एक छोटा स्क्रीन ठेवून गॉगलमधलं चित्र सगळ्यांना दिसेल अशी सोय केली. बालाजीने ड्रोन उचलला. शेडचे पहिले दोन गाळे, म्हणजे खांबांमधले टप्पे, छान दिसले, छताच्या कैच्या, बोल्ट, कबुतरांची घरटी. तिसऱ्या गाळ्यापाशी ड्रोन वळला आणि स्क्रीनवर मुंग्याच मुंग्या.

"चित्र जायलंय ताई!" बालाजीने ड्रोन घाईने खाली आणला. पुन्हा उडवला, पुन्हा तेच. सुपरवायझर म्हणाला पॉवर वाढवा. कुणी म्हणालं शेडमधलं वायफाय नडत असेल. जोशी साहेबांनी लगेच फोन करून शेडचं वायफाय बंद करवलं. मुंग्या तशाच.  गॉगलखालून बालाजीचे ओठ तेवढे दिसत होते, आणि ते पांढरे पडले होते. बबनमामांनी तंबाखू झटकली आणि बेल्टचं बक्कल चाचपलं.

मला खरं सांगायचं तर भीती वाटली. व्हीटीएक्स मी निवडला होता. पॉवर कमी मी दिली होती. माझं चुकलं असेल तर हा म्हातारा माणूस त्याची किंमत मोजणार होता.

पण लाइनवर एक सवय लागलेली असते. बिघाड दिसला की तो कधी दिसतो ते बघायचं, कुठे दिसतो ते नाही. मुंग्या अंतरामुळे येत नव्हत्या, ड्रोन वळला की येत होत्या. मी बालाजीला म्हटलं, "लांब नेऊ नको. इथेच, आमच्यासमोर, हळूहळू गोल फिरव." त्याने फिरवला. तोंड पलीकडे, चित्र स्वच्छ. तोंड आमच्याकडे, मुंग्या. चार पावलांवर!

"उतरव," मी म्हटलं आणि ड्रोन हातात घेतला. चष्मा लावून नीट बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मी दिली तेव्हा अँटेना मागे वर उभी होती, शेंडीसारखी. बालाजीने ती वाकवून फ्रेमच्या दोन पट्ट्यांच्या मधे आत घेतली होती, आणि झिप टायने इतकी सुबक बांधली होती की बघत राहावं. टायची टोकंसुद्धा घासून गुळगुळीत केलेली.

"हे का केलंस रे?"

"ताई, बाहेर लोंबकळत होती की. फाईव्ह एसमध्ये बसत नाही तसं. आमच्या ठेकेदाराला त्याचं बक्षीस आहे."

आता बाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर फाईव्ह एसचा फलक असतो. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, एक वायर लोंबकळता कामा नये. इथल्या माणसाच्या ते अंगात भिनतं. माझ्या घरी कपबशांच्या खाली सरांनी नावं चिकटवलीत. पण ड्रोनची फ्रेम कार्बनची असते, आणि कार्बनमधून हे तरंग पार होत नाहीत. ड्रोनचं नाक आमच्याकडे वळलं की अँटेना आणि गॉगल यांच्यामधे ती सगळी फ्रेम भिंत होऊन उभी राहत होती. इतक्या टापटिपीने केलेली चूक मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मला हसू आलं आणि बालाजीला रडू येईल असं झालं होतं. मी टाय कापला, अँटेना बाहेर काढली, चहाबरोबर आलेल्या शीतपेयाच्या बाटलीतली नळी कापून तिच्या मुळाशी आधाराला घातली आणि चिकटवली. वर उभी, वाकडी, वेंधळी शेंडी. जोशी साहेब वाकून बघत म्हणाले, "ऑडिटला हे दाखवायचं नाही हं," आणि तेसुद्धा हसले.

बालाजी पाणी प्यायला, त्याने गॉगल लावला. ड्रोन उठला. तिसरा गाळा, वळण, चित्र टिकलं. क्रेनच्या वरून पुढे गेला, थोड्या मुंग्या आल्या आणि गेल्या. शेवटून दुसऱ्या गाळ्यात तो छताला लागून हळूहळू सरकत होता, तेव्हा स्क्रीनवर एक पत्रा बाकीच्यांपेक्षा किंचित पिवळा दिसला. त्यावर काजळीचा थर, आणि थराच्या आरपार एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत गेलेली उजेडाची बारीक रेघ. कडेला पाण्याचे ओघळ.

"थांब. तिथेच थांब," जोशी साहेब म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "मामा, तुम्ही वर कुठून जाणार होता?"

बबनमामा स्क्रीनजवळ आले. त्यांनी तंबाखूने पिवळं पडलेलं बोट काचेवर टेकवलं. छतावरच्या पावसाच्या पाण्याच्या गटाराच्या कडेने सरकत ते बोट आलं आणि त्या पत्र्यावर येऊन थांबलं. "हितनंच की. वरनं समदे सारखेच दिसत्यात."

 साहेबांनी सुपरवायझरला बोलावलं. "शिडी काढून ठेवा. आज वर कोणी जाणार नाही. खालून लिफ्ट लावून हा पत्रा बदलायचा. आणि बालाजी, उरलेली शेडं कधी बघतोस?"

बालाजीने ड्रोन उतरवला, पण गॉगल काढला नाही. तसाच बसून राहिला. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा म्हणाला, "गोविंदला सांगायचंय, ताई." माझे डोळे भरून आले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या घरात चित्र नीट दिसावं म्हणून काम केलं, पण त्या चित्राने कुणाचा पाय वाचवला असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मला माझ्या हातांचा अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही.

बबनमामांनी बेल्ट सोडला, दोराची नीट गुंडाळी करून खाली ठेवली आणि खिशातून मोबाइल काढला. डोळ्यांजवळ नेऊन नंबर शोधला, कानाला लावला.

"अगं, मी बोलतोय. जेवलीस का? ... न्हाई, काय न्हाई, असंच. आज वर चढायचं व्हतं, म्हनून तुला सांगितलं नव्हतं." मग आमच्याकडे पाठ करून, हळू आवाजात म्हणाले, "आता सांगतो. न्हाई चढलो."